पामरांची वंशावळ आणि नळदुर्गचा साहेब

२०२३ च्या दिवाळीत आमच्या लातूरच्या घरी फराळापेक्षा जास्त वेळ कागदांवर गेला. त्या सप्टेंबरात राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि मराठवाडाभर निजामकाळातली दप्तरं उघडली जात होती. 'वंशावळ' हा शब्द तोपर्यंत मी फक्त अ‍ॅडमिशनच्या वेळी ऐकला होता. आता तो गंजगोलाईतल्या चहाच्या टपरीवरही ऐकू यायचा. बाबांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेनाने झाड काढलं होतं. खाली मी आणि दादा, वर बाबा-काका, त्यांच्या वर आजोबा, पणजोबा. त्याच्या वर एकच नाव, तेही दोन तऱ्हांनी लिहिलेलं, कारण उर्दू नकलेतलं अक्षर औशाच्या ज्या निवृत्त मास्तरांनी वाचून दिलं त्यांनाही ते दोन्ही प्रकारे लागत होतं. संपलं. चार पिढ्या आणि पाचवीबद्दल शंका.

पुण्यात मी जे काम करते त्यात दिवसभर डेटाबेस हाताळावे लागतात, म्हणून ते झाड मीच लॅपटॉपवर नीट काढून दिलं. काढताना आजी, पणजी, आत्या यांचीही चौकोनं टाकली. ज्या कचेरीत ते दाखवायचं होतं तिथल्या माणसाने प्रिंटआउट बघितला, पेन घेतलं आणि बायकांची सगळी नावं एकेक करून खोडली. "हे नको. फक्त वडिलांकडचं." तो काही वाईट वागला नाही, नियमच सांगत होता. वडिलांकडून येणारं रक्तच त्या कागदाला कळतं.

बाहेर रांगेत उभी असताना मी फोनवर आमच्या भागाच्या जुन्या दप्तराबद्दल शोधत होते. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. आणि उस्मानाबाद व्हायच्या आधी त्या जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. पावसाळ्यात नर-मादी धबधब्याच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील, तेच नळदुर्ग. तिथून शोध एका इंग्रज माणसाच्या आत्मचरित्रावर गेला. फिलिप मेडोज टेलर, 'द स्टोरी ऑफ माय लाइफ', १८७७. इंटरनेटवर फुकट आहे. रांग मोठी होती. मी वाचायला लागले आणि पुढचे काही महिने या माणसाच्या आणि त्याच्या सासरच्या मागे लागले.

टेलरची ओळख थोडक्यात. १८०८ साली लिव्हरपूलला जन्म. पंधरा वर्षांचा असताना मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला, तर त्या पेढीत दम नव्हता. एका नातेवाइकाच्या ओळखीने निजामाच्या फौजेत लागला आणि १८२४ मध्ये औरंगाबादला रुजू झाला. लक्षात घ्या, कंपनी सरकारच्या नाही, निजामाच्या नोकरीत. इंग्रजांच्या उतरंडीत हे दुय्यम समजलं जाई आणि ती सल त्याच्या पुस्तकात शेवटपर्यंत आहे. जगाला तो ठाऊक आहे 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ च्या कादंबरीमुळे. आपल्याकडे तो १८५३ मध्ये नळदुर्गचा मुख्य अधिकारी म्हणून आला. त्याआधी, विशीच्या आतबाहेर असताना, याच मुलखात पोलीस अधिकारी म्हणून फिरला होता. आणि मधल्या काळात, १८३२ मध्ये, हैदराबादच्या मेरी पामर नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

पामर हे आडनाव मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असतं. १८०० साली नाना फडणवीस वारले तेव्हा पुण्याचा इंग्रज रेसिडेंट होता विल्यम पामर. मराठ्यांच्या राज्यातलं शहाणपण नानांबरोबर गेलं, असं जो कळवतो तोच हा. (आपल्या इतिहासकारांनी त्याचं नाव 'पामर' असंच लिहिलं आणि मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो याकडे कोणी फार लक्ष दिलेलं दिसत नाही. मला शाळेत वाटायचं, बिचारा खूप नम्र असावा.)

हा पामर त्याआधी लखनौला होता. वॉरन हेस्टिंग्जच्या खास विश्वासातला. वेस्ट इंडीजमध्ये लग्न केलेली एक बायको आणि मुलं होतीच. त्यांपैकी जॉन पुढे कलकत्त्याचा बडा सावकार झाला. लखनौला त्याने फैज बक्ष नावाच्या मुस्लिम स्त्रीबरोबर संसार मांडला आणि तो मरेपर्यंत टिकवला. या कुटुंबाचं एक मोठं तैलचित्र आहे, १७८५ चं. चित्रकार योहान झोफनी. पूर्वी ते रेनाल्डी या दुसऱ्या चित्रकाराचं समजत. सध्या ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फोनवर झूम करून बघा, या लेखातला बराचसा मजकूर त्यात आहे.

मधोमध लाल कोटातला पामर. त्याच्या शेजारी फैज बक्ष, मांडीत तान्हं बाळ. जवळ दोन मोठी मुलं. दुसऱ्या बाजूला त्याला लगटून बसलेली आणखी एक बाई. ती फैजची बहीण की पामरची दुसरी बायको, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. आणि कडेने दाया. त्यांच्याबद्दल वाद नाही, कारण त्यांच्याबद्दल कोणी विचारलेलंच नाही. चित्र अपुरं आहे. मला ते अपुरेपण आवडतं, कारण कोण कोणाचं कोण हे ठरवायच्या आत ब्रश खाली ठेवल्यासारखं वाटतं. त्यातला पाच वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे हैदराबादचा विल्यम पामर, टेलरचा सासरा.

आता जरा तांत्रिक भाग, कारण मला हेच जास्त कळतं. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज घराण्यांचा शोध घेणं आज फार सोपं झालं आहे. कंपनीच्या तिन्ही इलाख्यांतल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात जपल्या गेल्या. फाइंडमायपास्टसारख्या साइटवर पैसे भरले की पानं दिसतात. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' नावाची संस्था आहे, तिचे स्वयंसेवक नोंदी टाइप करून फुकट शोधायला देतात. मृत्युपत्रं आहेत, लष्करी याद्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या आजीबाईंना आपला सात पिढ्यांमागचा सार्जंट एका दुपारी सापडू शकतो. मला औशाच्या मास्तरांकडे तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण या नोंदी थोडा वेळ चाळल्या की एक गोष्ट डोळ्यात भरते. बाप देशी नसतोच. आई देशी असेल तर अनेक नोंदींत तिच्या जागी काहीच नसतं, किंवा 'नेटिव बाई' एवढंच, किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेलं एखादं मेरी-एलिझाबेथ असं नाव, ज्यावरून ती मुळात कोण होती याचा पत्ता लागू नये. आम्ही टेबल बनवतो तेव्हा ठरवावं लागतं की कुठला कॉलम रिकामा चालेल आणि कुठला चालणार नाही. तिथे बापाचा कॉलम सक्तीचा होता आणि आईचा ऐच्छिक. लंडनमधली ती वही आणि लातूरच्या कचेरीतलं ते पेन, दोघांचा स्कीमा एकच. आमच्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या असतात, सीमाभागात हेळवी घरोघर येऊन पिढ्या म्हणून दाखवतात. त्यांच्याकडेही मुख्य धागा बापाचाच.

फरक एवढाच की इंग्रजांच्या बाबतीत आईचा कॉलम रिकामा ठेवण्यात मुलाचा फायदा होता. १७९१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी ठराव केला की आई किंवा बाप देशी असलेल्या मुलाला कंपनीची मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरी मिळणार नाही. तेव्हा चित्रातला विल्यम अकरा वर्षांचा. बाप पुढे पुण्याचा रेसिडेंट झाला तरी मुलाला कंपनीच्या फौजेचं दार बंद. म्हणून तो निजामाच्या फौजेत गेला आणि तिथून सावकारीत.

विल्यम पामर अँड कंपनी ही पेढी १८१० नंतर हैदराबादला उभी राहिली. गिऱ्हाईक साधंसुधं नव्हतं, निजामाचं सरकारच. सही करणारे राजा चंदुलाल. (नांदेडच्या लोकांना हे नाव परकं नाही. रणजितसिंहांनी हुजूर साहिबचा गुरुद्वारा १८३२ ते १८३७ मध्ये बांधवून घेतला तेव्हा हैदराबादचा कारभार यांच्याच हाती होता.) फौजेचे पगार थकले की पेढी रोकड पुरवी आणि बदल्यात महालांचा वसूल तिच्या नावे लिहून दिला जाई. व्याज शेकडा पंचविसाच्या आसपास. युरोपीय माणसाने देशी राजाला कर्ज द्यायला गव्हर्नर जनरलची परवानगी लागे. ती १८१६ मध्ये मिळाली. मग सर विल्यम रम्बोल्ड भागीदार झाला, ज्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरात लेकीसारखी वाढलेली. म्हणजे वशिला पार वरपर्यंत. १८२० मध्ये साठ लाखांचं नवं कर्ज मंजूर झालं. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने वह्या बघितल्या आणि आरोप केला की यात जुनंच येणं नव्या कागदावर चढवलंय आणि काही लाख तर भागीदारांनी आपल्यातच वाटून घेतलेत. शेवटी कंपनी सरकारने निजामाचं कर्ज फेडलं, त्यासाठी उत्तर सरकारांची जी सात लाखांची वार्षिक रक्कम कंपनी निजामाला देई ती कायमची बंद केली, आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली.

या प्रकरणावर इंग्रजीत ढीगभर लिहिलं गेलं. लंडनमध्ये भागधारकांच्या सभांत भांडणं झाली, जाडजूड कागदपत्रं छापली गेली. पामर लुटारू होता की मिश्र रक्ताचा म्हणून त्याचा बळी दिला गेला, हा वाद अजूनही चालतो. माझ्या मते दोन्ही खरं असू शकतं. पण मला राहून राहून वाटतं ते हे की साठ लाख रुपये आले कुठून हे या भांडणात कोणीच विचारत नाही. निजामाचं राज्य म्हणजे टाकसाळ नव्हे. व्याज फेडायचं तर वसूल वाढवायचा. वसूल मक्त्याने दिलेला. मक्तेदाराने भरलेली रक्कम तो गावातून दामदुपटीने काढणार. आणि गाव म्हणजे वऱ्हाड, औरंगाबाद, इकडचं काळं रान. आमच्या झाडातल्या त्या दोन तऱ्हांनी लिहिलेल्या नावाच्या आधी जे कोणी होते, ते या हिशेबात आहेत. नावाने नाहीत, रकमेने आहेत.

आता टेलरचं पुस्तक. आधी त्याचं देणं देऊन टाकते. ते वाचनीय आहे, आणि कलेक्टरी आत्मचरित्रं सहसा तशी नसतात. वाघाच्या शिकारी कमी आणि काम जास्त. मोजणी कशी सुरू केली, शिकलेली माणसं मिळेनात म्हणून इथल्याच पोरांना कसं शिकवलं, रस्ते, झाडं, तळी. इंजिनिअरिंग, कायदा, भाषा, सगळं स्वतःच शिकलेला माणूस आहे आणि त्याचं त्याला अप्रूप आहे. यूट्यूबवरून कोडिंग शिकलेल्या माझ्या काही मित्रांत हाच स्वभाव दिसतो. नळदुर्गच्या किल्ल्यातलं घर, बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, याबद्दल तो मनापासून लिहितो. १८५७ मध्ये त्याला फौजेशिवाय वऱ्हाड सांभाळायला पाठवलं तर त्याने ते सांभाळलं. त्या पिढीतल्या पुष्कळ इंग्रजांसारखा इथल्या माणसांचा तिटकारा त्याच्या वाक्यांत नाही. आमच्याकडे टेलरसाहेबाबद्दल कौतुकाने बोलणारी जुनी माणसं आहेत आणि पुस्तक वाचल्यावर ते कौतुक का, हे कळतं.

तक्रार आहे ती त्याच्या गाळण्याबद्दल. आत्मचरित्रात रयत येते ती दाद मागायला, आभार मानायला आणि साहेब निघाला की रडायला. मधल्या वेळी ती काय करते ते दिसत नाही. आणि सासर येतं ते असं: तरुण टेलर हैदराबादला विल्यम पामरच्या घरी जातो, तिथे बडी देशी माणसं भेटतात, यजमानाचं ज्ञान आणि किस्से ऐकून तो भारावतो. सासऱ्याबद्दल पूर्ण आदर. मग सासऱ्याच्या वडिलांविषयी सांगताना तो म्हणतो की त्यांनी, त्या काळच्या इंग्रज सभ्य गृहस्थांच्या रीतीप्रमाणे, दिल्लीच्या शाही घराण्यातल्या एका राजकन्येशी लग्न केलं होतं. एवढंच. नाव नाही.

फैज बक्ष राजकन्या नव्हती. विल्यम डालरिंपल यांनी 'व्हाइट मुघल्स'मध्ये तिचा जो माग काढला आहे त्यानुसार तिचे वडील घोडदळातले इराणी सरदार होते. चांगलं घराणं, पण सिंहासनाशी संबंध नाही. टेलरच्या एका वाक्यात तिला मुकुट मिळाला आणि नाव गेलं. ही युक्ती मला ओळखीची वाटली. आपल्याकडेही एखाद्या घरात वेगळ्या जातीची पणजी असते, तिच्याविषयी बोलायची वेळ आली की ती हमखास 'मोठ्या वाड्यातली' निघते. आडनाव मात्र कोणाला आठवत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला कुठल्याच प्रस्तावनेत ठसठशीत दिसली नाही. हे पुस्तक टेलरच्या मृत्यूनंतर निघालं. तो मे १८७६ मध्ये फ्रान्समधल्या मांतोंला वारला. संपादन केलं त्याच्या मुलीने, अ‍ॅलिसने. अ‍ॅलिस ही मेरीची मुलगी, मेरी विल्यम पामरची, विल्यम फैज बक्षचा. म्हणजे त्या निनावी राजकन्येची सख्खी पणती ते वाक्य छापखान्यात पाठवत होती. १८७७ च्या इंग्लंडमध्ये, राणी 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' झाली त्या सुमारास, रंगावरून माणूस तोलला जात असताना. तिला नाव ठाऊक होतं का? आजोबा १८६७ पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्त्याऐंशीपर्यंत, हैदराबादला जिवंत होते. एका वाक्यापलीकडे काही बोलायचं नाही असं तिने ठरवलं असेल तर मी तिला दोष देणार नाही. पण पुस्तक वाचताना ती संपादिका मला पानामागे उभी दिसते.

टेलरला या विषयावर बोलायचं नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही. तो बोलला, कादंबऱ्यांत. हिंदुस्थानच्या तीन शतकांवर त्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या: १६५७ वर 'तारा', १७५७ वर 'राल्फ डार्नेल', १८५७ वर 'सीता'. 'तारा' ही १८६३ ची, आणि ती आपल्या तुळजापूरची गोष्ट आहे. भवानीच्या देवळातल्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी तारा, देवीची मुरळी होते. पुढे अफजलखानाची स्वारी, शिवाजी महाराज, प्रतापगड. शेवटी तारेचं लग्न होतं अफजलखानाच्या मुलाशी, फाजलशी. आज ही कादंबरी मराठीत नव्याने काढायची म्हटली तर प्रकाशकाला घाम फुटेल. टेलर मात्र ते लग्न सहज लावून देतो, आनंदाने.

नऊ वर्षांनी, १८७२ मध्ये, 'सीता'. इथे इंग्रज अधिकारी सिरिल ब्रँडन एका हिंदू विधवेशी लग्न करतो. टेलर तिला बुद्धिमान, सुंदर, धीट दाखवतो आणि ब्रँडनच्या समाजाने तिला नाकारलं याबद्दल खरं दुःख व्यक्त करतो. बंडाच्या धामधुमीत ती नवऱ्याला वाचवताना मरते. मूल नाही. मग ब्रँडनचं लग्न एका इंग्रज मुलीशी होतं आणि तो मायदेशी जातो.

दोन्ही एकापाठोपाठ वाचल्यावर मी थांबले. ब्राह्मण मुलगी आणि पठाण मुलगा यांचा संसार टेलर चालू देतो, त्यात त्याला अडचण नाही, ते दोघे त्याच्यापासून दोनशे वर्षं लांब आहेत. हिंदी बाई आणि इंग्रज पुरुष यांचा संसार मात्र तो मूल व्हायच्या आत संपवतो. आणि हे लिहिणाऱ्याची बायको अशाच संसाराची नात होती, मुली पणती होत्या. लखनौच्या त्या चित्रातला पाच वर्षांचा पोरगा म्हणजे 'सीता'मध्ये जन्मालाच न आलेलं मूल. टेलरवर लिहिणारे बहुतेक लोक 'सीता'ला उदार कादंबरी म्हणतात. त्या काळाच्या मानाने ती आहेही. पण मला ती घाबरलेल्या माणसाची वाटते. सहानुभूती भरपूर, आणि वारस नको.

आत्मचरित्रात आजेसासूचं नाव नाही, कादंबरीत तिच्यासारखीला मूल नाही. पैशाच्या बाबतीतही हाच हात फिरलाय असं मला वाटतं. १८५३ मध्ये नळदुर्ग इंग्रजांकडे का आलं? निजामाच्या नावाने पण इंग्रजांच्या हुकमात असलेली 'कंटिन्जंट' फौज होती, टेलर ज्यात नोकरीला लागला तीच. तिच्या खर्चाचं निजामाकडे कर्ज साचलं. मे १८५३ च्या तहाने त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गकडचा पश्चिम मुलूख कंपनीने आपल्या ताब्यात घेतला. हे कर्ज आणि पामर पेढीचं कर्ज एक नव्हे, ते आधीच फिटलं होतं. पण रीत तीच: फौज लादायची, पगार थकला की उसने द्यायचे, उसने फिटले नाहीत की वसूल लिहून घ्यायचा. सासऱ्याने ती खाजगी पेढीतून केली, तीस वर्षांनी सरकारने केली, आणि लिहून घेतलेल्या मुलखाचा कारभारी झाला जावई. टेलरने हा कारभार चांगला केला. पण 'माझ्या जिल्ह्यात वसुलीची शिस्त नव्हती, मी ती लावली' असं जेव्हा तो सांगतो, तेव्हा बेशिस्त आधी कोणी आणली या प्रश्नाच्या उत्तरात त्याचं सासरही येतं, हे तो जुळवत नाही. आत्मचरित्रात दोन्ही प्रकरणं आहेत, फक्त एकमेकांना न ओळखणारी. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड राहिलं.

डालरिंपल यांनी २००२ मध्ये 'व्हाइट मुघल्स' लिहिलं तेव्हा या घराण्यांच्या बायकांना प्रथमच एवढं मोठं रान मिळालं. जेम्स कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची प्रेमकहाणी तर आता सगळ्यांना माहीत आहे. फैज बक्ष ही खैरची जवळची मैत्रीण. पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग माझ्या मते प्रेमाचा नाही, मुलांचा आहे. साहिब आलम आणि साहिब बेगम ही भावंडं १८०५ मध्ये लहानपणीच इंग्लंडला पाठवली जातात, तिथे त्यांची नावं बदलतात, विल्यम आणि कॅथरीन होतात, आई परत दिसत नाही. कितीतरी वर्षांनी, मोठी होऊन आई बनलेली ती कॅथरीन, किटी, हैदराबादच्या आजीला पत्र लिहिते. तो भाग वाचताना मी लोकलमध्ये नव्हते हे बरं झालं. डालरिंपल स्वतःच्या घराण्यात चंद्रनगरची एक बंगाली पूर्वज असल्याचंही मोकळेपणाने सांगतात. टेलरने जे झाकलं ते त्यांनी उघडलं.

तरीही पुस्तक संपल्यावर एक रितेपण उरतं. त्यातलं हैदराबाद म्हणजे हवेल्या, बागा, अत्तर, पत्रं. दोन संस्कृती एकमेकींच्या प्रेमात पडल्याचं ते चित्र मोहक आहे, आणि ज्या संस्कृती प्रेमात पडल्या त्या दोन्ही वसुलावर जगणाऱ्या होत्या हे त्या मोहात विसरायला होतं. हैदराबादची हवेली आणि रेसिडेन्सी यांच्यात लग्नं लागत होती तेव्हा औसा, उदगीर, कंधारकडून जे हैदराबादला जात होतं ती धान्याची आणि रुपयांची पोती होती, पत्रं नव्हेत. अशा घराण्यांचा शोध घेणारे आज हजारो आहेत आणि त्यांनी तो जरूर घ्यावा. पण सात पिढ्यांमागचा पूर्वज सापडल्यावर त्याचा पगार कुठल्या महालातून निघत होता हेही त्याच दप्तरात असतं. दोन खणांत आहे, एवढंच. ते दोन खण एकत्र उघडून लिहिलेलं पुस्तक मला हवं आहे, आणि ते मराठीत हवं आहे, कारण दुसऱ्या खणातले कागद मोडीत, उर्दूत आणि फारसीत आहेत आणि ते वाचायला लंडनहून कोणी येणार नाही. शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात ते कागद निदान झटकले गेले, स्कॅन झाले. एका दाखल्यापुरती आपली ओळ शोधून आपण ते पुन्हा बांधून ठेवू, अशी मला भीती वाटते.

आमचं काम झालं. कोणत्या कामासाठी, कितपत, हा इथला विषय नाही. माझ्या लॅपटॉपवर त्या झाडाची दुसरी फाइल आहे, खोडलेल्या चौकोनांसकट. बाबांकडच्या बायकांची नावं विचारून विचारून भरली. मग आईकडची बाजू घेतली. मागच्या महिन्यात नांदेडला आजीला, आईच्या आईला, फोन लावला आणि तिच्या आईचं आणि आजीचं नाव विचारलं.

"कामून गं? आता हे बी कचेरीत द्यायचंय का?"

म्हटलं, नाही, मलाच पाहिजे.

तिने आईचं नाव लगेच सांगितलं. आजीच्या नावापाशी थांबली. मागे टीव्ही चालू होता, तो तिने कोणाला तरी बंद करायला लावला.

"कोणतं सांगू? म्हायेरचं का सासरचं? सासरी गेल्यावर बदललं होतं तिचं. म्हायेरचं मला आठवना बग. थांब, मामाला इचारते."